नकाशावर नकाशा

कोलकात्यातल्या जुन्या शाळांत जिन्याखाली एक कपाट हमखास असतं. आमच्या शाळेतल्या कपाटात भात्याला भोक पडलेली हार्मोनियम आहे, सरस्वतीपूजेच्या सजावटीतून उरलेला शोला, म्हणजे पांढरा भेंड, आहे आणि काठ्यांना गुंडाळलेले नकाशे आहेत. कापडावर चिकटवलेला कागद, वर-खाली काळ्या दांड्या, वरच्या दांडीला सुतळी. तासाआधी शिपाईदादा नकाशा आणून फळ्याच्या खिळ्याला टांगणार, मिस छडी टेकवून दाखवणार, मुलं बाकांवरून पाहणार. मागच्या बाकांपर्यंत हिमालय तपकिरी आणि समुद्र निळा एवढंच पोचायचं. तास संपला की गुंडाळी, आणि पुन्हा कपाट. त्यातल्या एका नकाशात पूर्व पाकिस्तान अजून शाबूत आहे. तो रद्दीत काढायचा विषय दर दोन-चार वर्षांनी निघतो आणि दरवेळी मी आडवी येते.

मी जन्माने नागपूरची. वडील रेल्वेत होते, त्यांची गार्डन रीचच्या मुख्यालयात बदली झाली. बदली तात्पुरती होती, ती संपलीच नाही. घरात मराठी, गल्लीत बंगाली, वर्गात इंग्रजी असं करत मी इथेच भूगोल शिकले आणि इथेच शिकवत आले. शिकवताना एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. हिंदुस्थानचा नकाशा ज्या शहरात तयार झाला, मोजला गेला, छापला गेला, त्या शहरातल्या वर्गात तो आला तो मात्र पक्का होऊन, सुकून, गुंडाळी होऊन. कुणी काढला, केव्हा, कशावरून, हे विचारायची मुलांना सोयच नव्हती. आज वर्गात मोठा पडदा आहे, बोटाने सरकणारा नकाशा आहे. त्याचं कौतुक बहुतेक जण तो हलतो म्हणून करतात. मला त्याचा उपयोग वेगळ्याच कारणासाठी वाटतो. त्यावर दुसरा नकाशा ठेवता येतो.

सुरुवात जेम्स रेनेलपासून करावी लागते. हा तरुण नौदलातून ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आला आणि १७६४ पासून बंगालच्या नद्या मोजत हिंडला. १७६७ साली कंपनीने त्याला बंगालचा सर्व्हेअर जनरल केलं. सर्व्हे ऑफ इंडिया आपलं जन्मसाल तेच धरतं. दरम्यान फकीर-संन्याशांशी झालेल्या एका चकमकीत त्याने तलवारीचे वार खाल्ले होते आणि मरता मरता वाचला होता. त्याचा बंगालचा ॲटलास १७७९ च्या सुमारास लंडनला छापून निघाला. इथल्या पाठशाळेतल्या पोराच्या तो दृष्टीस पडण्याचा प्रश्नच नव्हता. आता त्या ॲटलासची पानं स्कॅन होऊन कुणालाही मोफत मिळतात. नववीच्या वर्गात रेनेलचं पान मी उपग्रहाच्या चित्रावर ठेवते आणि पारदर्शकतेची पट्टी हळूहळू सरकवते. तिस्ता जुळत नाही. रेनेलच्या कागदावर ती दक्षिणेकडे गंगेच्या बाजूला उतरते. चित्रात ती आग्नेयेला जाऊन ब्रह्मपुत्रेला मिळते. ब्रह्मपुत्रा तर आणखीच भलतीकडे. मुलांचं पहिलं मत ठरलेलं असतं: साहेब चुकला. मग १७८७ च्या पुराची गोष्ट सांगायची. त्या पुरात तिस्तेने पात्र सोडलं आणि त्यानंतरच्या काही दशकांत ब्रह्मपुत्रेनेही मैमनसिंहकडचा जुना मार्ग टाकून आजच्या जमुनेचा धरला. साहेब बरोबर होता. नदीच उठून गेली. पाठ्यपुस्तकात ‘नद्या पात्र बदलतात’ हे एका ओळीत आहे. ती ओळ मुलांनी पाठ केलेली असते, पण पट्टी सरकवेपर्यंत त्यांनी ती खरी मानलेली नसते.

पुढचा टप्पा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा. माझं आजोळ हिंगणघाट, त्यामुळे हा धडा माझ्यासाठी घरचा. या महासर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्बटन नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला आणि तिथेच पुरला गेला. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. त्रिकोणांची माळ सिरोंजहून पूर्वेला कलकत्त्यापर्यंत आणली खरी, पण शेवटी पडताळा बघायला जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली एक आधाररेषा हवी. बंगालच्या सपाट मुलखात टेकडी कुठून आणणार? म्हणून बराकपूर ट्रंक रोडलगत, एक पाइकपाड्याला आणि एक सुखचरला, असे सुमारे ७५ फूट उंचीचे दोन मनोरे बांधले. १८३१-३२ च्या हिवाळ्यात त्या दोन टोकांमधलं अंतर लोखंड आणि पितळ जोडून केलेल्या पट्ट्यांनी मोजलं गेलं. दोन धातू उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात. त्या फरकाचाच उपयोग करून पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर कायम ठेवायचं, अशी कर्नल कोल्बीची युक्ती. हिंदुस्थानात ती पहिल्यांदा इथे वापरली गेली.

दोन्ही मनोरे आजही उभे आहेत. बसच्या खिडकीतून ते रोज हजारो लोकांना दिसतात आणि गिरणीची चिमणी म्हणून सोडून दिले जातात. वर्गात मुलं उपग्रहाच्या चित्रात ते शोधतात आणि अंतर मोजायचं साधन दोन टोकांना लावतात. दहा किलोमीटरच्या आसपास आकडा येतो, दोन सेकंदांत. मग मी विचारते: हा आकडा या यंत्राला कुणी सांगितला? वर्ग गप्प होतो. उपग्रह म्हणून कुणीतरी पुटपुटतं. एव्हरेस्टला त्यासाठी हिवाळा लागला, तंबू लागले, उन्हापासून पट्ट्या वाचवायला छपरं लागली. पडद्यावरच्या आकड्याच्या मागेही कुणीतरी केलेलं मोजमाप असतंच, फक्त ते दिसत नाही.

त्याच डिसेंबरात, १८३१ साली, हिंदू कॉलेजातला अठरा वर्षांचा राधानाथ शिकदार सर्वेक्षणात संगणक म्हणून लागला. संगणक म्हणजे तेव्हा आकडेमोड करणारा माणूस. १८४९ पासून तो कलकत्त्याच्या कचेरीत मुख्य संगणक होता, आणि त्या कचेरीच्या गणितातून १८५२ मध्ये ‘पीक फिफ्टीन’ सगळ्यांत उंच ठरलं. २९,००२ फूट हा आकडा १८५६ मध्ये जाहीर झाला, नाव एव्हरेस्टचं लागलं. ही कथा बंगालात प्रत्येकाला ठाऊक आहे आणि ती सांगताना आवाज चढतोच. मला त्याहून दुसरी गोष्ट जास्त बोचते. १८५१ च्या सर्वेक्षणाच्या अधिकृत मार्गदर्शकात त्याने लिहिलेल्या भागाचं श्रेय प्रस्तावनेत स्पष्ट दिलेलं होतं. तो १८७० मध्ये गेला आणि १८७५ च्या आवृत्तीत मजकूर राहिला, नाव गेलं. निवृत्तीनंतर हा माणूस मुलांना गणित शिकवत होता, जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे आजच्या स्कॉटिश चर्च कॉलेजात. शिखराची उंची ज्याच्या हाताखाली निघाली तो मास्तर समोर उभा, आणि वर्गात नकाशा असलाच तर विलायतेत छापलेला!

नाही म्हणायला, शाळांसाठी प्रयत्न झाले. १८१७ मध्ये कलकत्ता स्कूल बुक सोसायटी निघाली, देशी भाषांत स्वस्त पुस्तकं काढायला. १८१८ मध्ये श्रीरामपूरहून ‘दिग्दर्शन’ हे मासिक निघालं, त्यात भूगोलाचे पाठ असत. अक्षयकुमार दत्तांनी तत्त्वबोधिनी पाठशाळेसाठी ‘भूगोल’ लिहिला तो १८४१ चा. यातला माझा आवडता माणूस मात्र राजेंद्रलाल मित्र. पुढे एशियाटिक सोसायटीचा पहिला भारतीय अध्यक्ष झालेला हा पंडित १८५० च्या दशकात बंगाली अक्षरांतले नकाशे करत होता. गावांची नावं गावकरी म्हणतात तशी यावीत यासाठी तो धडपडला आणि प्राकृतिक भूगोलाला लागणारे शब्द त्याने बंगालीत घडवले. हे काम दिसायला बारीक आहे. पण ज्या पोराने आपल्या गावाचं नाव आपल्या लिपीत नकाशावर कधी पाहिलंच नाही, त्याला नकाशा ही साहेबाची चीज वाटणार हे उघड आहे.

नंतरची पाऊणशे वर्षं मी भरभर ओलांडते, कारण शाळेच्या दृष्टीने त्यांत फारसं काही घडलं नाही. वुड स्ट्रीटवरची सर्व्हेची इमारत उभी राहिली, छापखाना चालला, दुसऱ्या महायुद्धात मुख्यालय डेहराडूनला हललं. शाळेत छडी आणि सुतळी तशीच राहिली.

मग शिवप्रसाद चट्टोपाध्याय. इंग्रजीत एस. पी. चॅटर्जी. कलकत्ता विद्यापीठात १९४१ मध्ये भूगोलाचा विभाग उभा राहिला तो यांच्यामुळे. मेघालय या नावाचे जनक हेच. १९४७ मध्ये बंगालच्या फाळणीवर नकाशांसह पुस्तक, १९४९ मध्ये ‘बेंगॉल इन मॅप्स’. हे दुसरं पुस्तक मी विद्यार्थिनी असताना ग्रंथालयात बसून पाहिलं आहे. एकच बंगाल, पण पानागणिक वेगळा: कुठे पाऊस, कुठे ताग, कुठे माणसांची दाटी. नकाशा म्हणजे देशाचं चित्र नव्हे, देशाबद्दलचं विधान, हे मला तिथे उमगलं. १९५६ मध्ये त्यांच्याच हाती राष्ट्रीय ॲटलासची संस्था आली, आजची नॅटमो. पुढच्याच वर्षी ‘भारत : राष्ट्रीय ॲटलास’ निघाला, आणि तो हिंदीत! इंग्रजीच्या आधी हिंदी, तेही कलकत्त्यातून. आज इथल्या चहाच्या अड्ड्यावर हे सांगून बघा, कुणी विश्वास ठेवत नाही.

इतकं सगळं शहरात असताना आमच्या हाती काय आलं? महाविद्यालयात आम्हाला टोपोशीट वाचायला शिकवलं गेलं ते छोटा नागपूरच्या पठाराचं. समोच्च रेषा, साल वृक्षांचं जंगल, कोरडे नाले. रेषा वाचायला सोपं म्हणून पठार, हे खरं. पण दुसरंही कारण होतं. किनारा आणि आंतरराष्ट्रीय सीमा यांपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर संरक्षणाचे निर्बंध होते, आणि कलकत्त्याला बांगलादेशची सीमा त्याच्या आत पडते. आपल्या शहराचा पत्रक क्रमांक ७९ बी/६ हे मला पाठ होतं. पत्रक मात्र कधी हाती आलं नाही. ज्या गल्लीत राहतो तिचा सरकारी नकाशा गुप्त, आणि तीच गल्ली फूटपाथवर विकल्या जाणाऱ्या पर्यटकांच्या नकाशात बसच्या क्रमांकांसह छापलेली. संरक्षण खात्याला याचं काही वाटत नसावं.

हे सैल व्हायला २००५ उजाडलं. त्या वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय नकाशा धोरण आलं. त्याने लष्कराची मालिका वेगळी आणि जनतेसाठी खुली मालिका वेगळी केली. त्याच वर्षी गूगलने आधी नकाशे आणि मग गूगल अर्थ आणलं, आणि सगळे निर्बंध एका अर्थी हास्यास्पद झाले. राष्ट्रपती कलाम यांनी त्या ऑक्टोबरमध्ये सुरक्षेची चिंता बोलून दाखवली होती, ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली. ऑगस्ट २००९ मध्ये इस्रोने ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळ सुरू केलं. पुढे एनसीईआरटीच्या पुस्तकांना जोडून त्याचं शालेय रूपही आलं. २०१७ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाला २५० वर्षं झाली, तेव्हा खुल्या मालिकेची पत्रकं आधार क्रमांक देऊन मोफत उतरवून घेता येऊ लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे करण्यावरची पूर्वपरवानगीची अटच जवळजवळ काढून टाकली. त्याच वर्षी आमच्या राज्यात सरकारी आणि अनुदानित शाळांच्या बारावीच्या मुलांना टॅब किंवा फोन घ्यायला १०,००० रुपये मिळू लागले. धोरण दिल्लीचं, पैसे राज्याचे, आणि मध्ये शाळेचं वाय-फाय, जे पाऊस आला की जातं.

आता कलकत्त्याचा खंदक, जो बर्गींच्या, म्हणजे मराठा स्वारांच्या, भीतीने खणला गेला. मराठी बाई बंगाली मुलांना शिकवते म्हटल्यावर बर्गी येणारच. रघूजी भोसल्यांच्या नागपूरच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालात लूट करत होत्या. भास्करराम कोल्हटकर ऊर्फ भास्कर पंडित हे नाव इथे अजून शिवीसारखं उच्चारलं जातं, आणि बाळाला झोपवायच्या अंगाईत बर्गी आहेत. मी नागपूरची हे कळलं की दर तुकडीत एखादा धीट मुलगा विचारतोच, ‘मिस, आपनारा ट्याक्स निते एसेछेन?’ म्हणजे, तुम्ही कर घ्यायला आलात का? मी सांगते, हो, गृहपाठाचा.

बर्गी हुगळीपर्यंत आले म्हटल्यावर कलकत्त्याच्या रहिवाशांनी नवाबाच्या परवानगीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. खर्च रहिवाशांचाच. सात मैलांचा बेत होता, सहा महिन्यांत तीन मैल झाला, तोवर भीती ओसरली आणि काम थांबलं. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. खंदकाने मात्र शहराला हद्द दिली: १७९४ मध्ये कंपनीने कलकत्त्याची सीमा अधिकृतपणे ठरवली ती खंदकाची आतली कड धरून. १७९९ मध्ये बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला, उरलेला तुकडा १८९२-९३ मध्ये गेला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे.

हे सगळं सांगून भागत नाही, म्हणून मी आठवीच्या मुलांकडून नकाशा लावून घेते. आरन अपजॉनचा १७९४ चा कलकत्त्याचा नकाशा पडद्यावर एका बाजूला, आजचा दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे सापडतील अशा जागा शोधायच्या आणि जोडीने खुणा करायच्या. यंत्र मग जुना नकाशा ताणून नव्यावर बसवतं. मुलं पहिल्यांदा काय निवडतात? नदी. सगळ्यांत मोठी, सगळ्यांत ठळक, दोन्हीकडे आहेच. हुगळीच्या काठावर चार खुणा केल्या की अपजॉनचं अख्खं शहर ओल्या पापडासारखं वाकडं होतं आणि वर्गात हशा पिकतो. काठ सरकलेला आहे. स्ट्रँड रोड १८२० च्या दशकात लॉटरी कमिटीच्या पैशांतून नदी मागे सारून झालेला. त्याआधी पाणी जुन्या किल्ल्याच्या भिंतीला लागत होतं. तो किल्ला कुठे होता? आजच्या जनरल पोस्ट ऑफिसपाशी. तिथे जमिनीत पितळेची पट्टी बसवून भिंतीची जागा दाखवलेली आहे. पुढच्या शनिवारी मुलं जाऊन ती पाहून येतात.

मग चर्चा होते, कशावर भरवसा ठेवायचा याची. आर्मेनियन चर्च १७२४ पासून तिथेच आहे. सेंट जॉन्स चर्च १७८७ चं. लालदिघीचे चार कोपरे. फोर्ट विल्यमचे टोकदार कोपरे, ते तर यंत्राला फार आवडतात. एका मुलीने कालीघाटचं मंदिर सुचवलं आणि दुसरीने लगेच खोडलं, सध्याची इमारत १८०९ ची म्हणून. मी काहीच बोलले नव्हते. कुठली वास्तू किती जुनी याची सनावळी आमच्या मुलांना इतिहासाच्या तासाला कंटाळवाणी वाटते. इथे तिच्यावाचून नकाशाच बसत नाही, म्हणून ती आपसूक शोधली जाते.

नकाशा बसला की पट्टी सरकवायची. सर्क्युलर रोडच्या (आजचे आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड) खालून खंदक वर येतो. त्यानंतर मी रॉबर्ट ऑर्मच्या इतिहासातला नकाशा काढते, १७४२ ची हद्द आणि १७५६ ची नवाब सिराजउद्दौल्याची लढाई दाखवणारा. त्यात उत्तरेकडून खाली येणारा खंदक एके ठिकाणी विनाकारण पूर्वेला फुगलेला दिसतो. माणिकतल्याजवळ, हल्सीबागान. मुलं आधी तलाव म्हणतात, मग देऊळ, मग दलदल. खरं कारण असं की तिथे अमीचंद आणि गोविंदराम मित्र यांच्या बागा होत्या. एक शहरातला बडा सावकार, दुसरा कंपनीच्या जमीनदारीचा कारभारी, ‘काळा जमीनदार’ म्हणून ओळखला जाणारा. संरक्षणाची रेषा त्यांच्या बागांना वळसा घालून गेली. एका पोराने यावर शांतपणे विचारलं, ‘म्हणजे बायपास आमच्या पाड्यातून का गेला हेही असंच असेल?’ त्याचं उत्तर मी दिलं नाही. नगरपालिकेचे जुने-नवे नकाशे कुठे मिळतात ते सांगितलं.

आणि १७५६ मध्ये शत्रू खरोखर आला, मराठा नव्हे, नवाब, तेव्हा बागबाजारच्या टोकावर फौज अडली, पण पूर्वेकडून ती खंदक ओलांडून आत आली. सिराजचा तळ अमीचंदच्याच बागेत पडला. ही गोष्ट मी सांगत नाही. ऑर्मच्या नकाशात तंबू आणि तोफा काढलेल्या आहेत, मुलं स्वतः मोठं करून वाचतात.

पूर्वेला आणखी सरकलं की जुन्या नकाशांत खारं पाणी लागतं. आज तिथे सॉल्ट लेक आहे, १९६२ पासून हुगळीचा गाळ नळांनी आणून, युगोस्लाव कंपनीने भरलेली जमीन. नॅटमोची कचेरी त्याच भरावावर आहे. रेनेलच्या काळी जिथे होडी लागली असती तिथे बसून देशाचे नकाशे होतात, हे कळल्यावर वर्ग जो हसतो तसा तो माझ्या कुठल्याही विनोदाला हसलेला नाही.

पडद्यावरच्या नकाशाबद्दल माझ्या तक्रारी आहेत. पहिली, प्रमाणाची. कागदावर १:५०,००० म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, बोटाच्या पेराने मोजता येणारं. पडद्यावर दोन बोटं ताणली की प्रमाण बदलतं आणि मूल त्याकडे बघतही नाही. त्याला कोलकाता ते हावडा आणि कोलकाता ते दिल्ली सारखंच लांब वाटू लागतं. मी पडद्यावर मीटरपट्टी धरायला लावते, मुलांना ते विचित्र वाटतं. दुसरी, समासाची. सर्व्हेच्या पत्रकाच्या कडेला कोणत्या सालचं सर्वेक्षण, कोण अधिकारी, चुंबकीय उत्तर किती सरकलेली, सगळं छापलेलं असे. गूगलच्या नकाशाला समासच नाही. त्यातली गल्ली परवा काढली की दहा वर्षांपूर्वी, विचारायचं कुणाला? तिसरी, सीमेची. तोच नकाशा भारतात उघडला तर काश्मीरची रेषा अखंड, बाहेरून उघडला तर तुटक. एका मुलाच्या मावशीने न्यू जर्सीहून पाठवलेला फोटो वर्गात आला तेव्हा एक तास त्यातच गेला. सर्व्हेच्या नकाशाशी न जुळणारी सीमा छापणं हा १९६१ पासून आपल्याकडे गुन्हा आहे, हे मी सांगितलं; कंपनी दोन्हीकडे आपापल्या कायद्याप्रमाणे दाखवते, हेही सांगितलं.

हात लावता येणारा सगळ्यांत चांगला नकाशा मी पाहिला तो पडद्यावर नव्हताच. नॅटमोने अंध वाचकांसाठी केलेला ब्रेल ॲटलास, २०१७ मध्ये प्रकाशित झालेला. जाड रंगाने छापून उंचावलेल्या रेषा, नद्यांना एक पोत, सीमांना दुसरा. तो आणून डोळस मुलांना डोळे मिटून गंगेवरून बोट फिरवायला लावलं. फराक्क्याच्या खाली भागीरथी कुठे फुटते ते बहुतेकांना सापडलं नाही. पडद्यावर ती जागा याच मुलांनी क्षणात दाखवली होती.

माध्यमिकचा, म्हणजे दहावीच्या बोर्डाचा, पेपर मात्र अजून कागदावरच होतो. भूगोलात १० गुणांचं मॅप पॉइंटिंग, भारताचा कोरा आराखडा, पेन्सिलीने दहा जागा दाखवायच्या आणि तो कागद दोऱ्याने उत्तरपत्रिकेला बांधायचा. त्यामुळे पूजेच्या सुट्टीनंतर दहावीचा पडदा बंद होतो आणि चंडीचरण दासांचा ॲटलास आणि कोऱ्या आराखड्यांचे गठ्ठे निघतात. मुलं कुरकुरतात, मग मुकाट्याने नर्मदा काढतात. एक सवय मी त्यांना लावली आहे: आराखड्याच्या खालच्या कोपऱ्यात, परीक्षकाच्या शेऱ्याला अडचण होणार नाही इतक्या बारीक अक्षरात, साल घालायचं. त्याला गुण नाहीत. अजून कुणी कापलेलेही नाहीत.